किल्ली घरी, सुट्टे खिशात: पुण्यातल्या चारचाकीवाल्यांसाठी पीएमपीची उजळणी

आमच्या सोसायटीच्या पार्किंगमधून सकाळी साडेनऊच्या सुमारास एकामागोमाग एक गाड्या निघतात, त्या बहुतेक सगळ्या विद्यापीठ चौकाकडे. प्रत्येक गाडीत एक माणूस. अनेक वर्षं मीही त्यातलाच होतो. बसचं शेवटचं तिकीट कॉलेजात असताना काढलेलं. तेव्हा कंडक्टर चामडी पिशवीतून सुट्टे काढून द्यायचा आणि बसला सगळे पीएमटी म्हणायचे. 2007 साली पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी एकत्र होऊन पीएमपीएमएल झाली. आमच्या औंधात मात्र ‘पीएमपीएमएलने आलो’ असं कुणी म्हणत नाही. पीएमपी म्हणतात, नाहीतर अजूनही पीएमटीच.

हा लेख अशाच मंडळींसाठी आहे. बस म्हणजे काय हे त्यांना ठाऊक आहे, पण बसने जायचं कसं हे विसरायला झालंय, आणि स्टॉपवर शेजारच्या पोराला विचारायची लाज वाटते.

एक आधीच सांगून टाकतो. गाडी विकायची नाही. ‘उद्यापासून बस’ अशी शपथही घ्यायची नाही. आठवड्यातली एक फेरी, फक्त एक, बसला द्यायची. 1 नोव्हेंबर 2012 ला ‘सकाळ’ने पुण्यात ‘बस डे’ केला होता. रस्त्यावर जादा बस होत्या, लोकांनी गाड्या घरी ठेवल्या, मीसुद्धा ठेवली. तो गुरुवार होता. शुक्रवारी सकाळी मी परत स्टिअरिंगवर. तेव्हा सगळं शहर सोबत होतं, म्हणून मजा आली, पण माझ्या रोजच्या वेळापत्रकात त्या दिवसाला कुठे जागाच नव्हती. दहा वर्षांनी मी दर मंगळवार धरला, तेव्हा कुठे जमलं.

आधी फेरी निवडा

नव्वद टक्के लोक इथेच चुकतात. हा आकडा माझ्या मनाचा आहे, पण चूक मात्र खरी आहे. हुरूप येतो आणि माणूस थेट सोमवारी सकाळी हिंजवडीच्या मीटिंगला बसने निघतो. दोन बस बदलायच्या, लॅपटॉपची बॅग, इस्त्रीचा शर्ट, नऊ वाजताची वेळ. घामाघूम होऊन पोचतो, उशीर होतो, आणि मग पुढची पाच वर्षं चहाच्या टेबलावर ‘मी करून बघितलंय हो’ हे ऐकवत राहतो.

पहिली फेरी अशी धरा की जिथे गाडीच तुम्हाला जड जाते. पुण्यात अशा जागांना तोटा नाही. तुळशीबाग, मंडई, लक्ष्मी रस्ता, डेक्कन, कॅम्प. तुळशीबागेत गाडीने गेलेल्या माणसाला विचारा: मंडईच्या पार्किंगसाठी रांग, तिथे नसेल तर नदीपात्राकडे, तिथून चालत. म्हणजे चालायचं चुकत नाहीच. मग निदान बसमधून उतरून चाला.

पहिल्या फेरीला चार अटी लावा. बस बदलावी लागू नये. पोचायची वेळ मिनिटावर बांधलेली नसावी. सोबत जड सामान नसावं. परतायला रात्र होऊ नये. दातांचा डॉक्टर, बँकेचं काम, मामांना भेटणं, एखादं दुपारचं व्याख्यान, यांतलं काहीही चालेल. मी पहिल्यांदा धरली ती दर मंगळवारची औंध ते डेक्कन फेरी. तिथे एका प्रकाशकाकडे माझं दोन-तीन तासांचं काम असतं आणि गाडी लावायला जागा कधीच नसते.

आमच्या शेजारच्या काकांनी सुरुवात सिंहगडाने केली. 50 नंबरची बस सिंहगड पायथ्याला जाते. चढून गेले, पिठलं-भाकरी खाल्ली, बसने परत आले. घाटरस्त्याची आणि वरच्या पार्किंगची कटकट नाही, पाय दुखत असताना क्लच दाबणं नाही. आता ते दर महिन्याला जातात. कामाच्या फेरीला मात्र अजून बस धरत नाहीत. मी आग्रह करत नाही.

आदल्या दिवशी स्टॉप पाहून या

बसप्रवासात अवघड काय असेल तर ते बसच्या बाहेरचं: स्टॉपपर्यंतचं चालणं, रस्ता ओलांडणं आणि थांबणं. गाडीवाल्याला आपल्या घराजवळचा स्टॉप नेमका कुठे आहे हे बहुधा माहीत नसतं. रोज त्याच्यासमोरून जात असूनही! काचेतून तो दिसतो, पण ‘आपला’ म्हणून दिसत नाही.

म्हणून आदल्या दिवशी संध्याकाळी फिरायला जाताना स्टॉपपर्यंत चालत जा. किती मिनिटं लागली ते बघा. वाटेत फुटपाथ कुठे तुटलाय, रस्ता कुठून ओलांडता येतो, शेडमध्ये बसायला जागा आहे का, हे बघून ठेवा. सिग्नलला लागून असलेल्या ठिकाणी रस्ता ओलांडणं सोपं जातं, त्यामुळे एखाद्या वेळी जवळच्या स्टॉपपेक्षा शंभर पावलं पुढचा स्टॉप बरा पडतो. शेडवर कोणत्या नंबरांची पाटी आहे त्याचा मोबाइलवर फोटो काढा.

आणि परतीचा स्टॉप! तो समोरच्या बाजूलाच असेल असं गृहीत धरू नका. माझी फजिती इथेच झाली.

पहिल्या मंगळवारी जाताना सगळं व्यवस्थित झालं. बस शिवाजीनगरहून जंगली महाराज रस्त्याने आली, मी डेक्कनला उतरलो, काम केलं. परतताना पुन्हा जंगली महाराज रस्त्यावर आलो आणि समोरच्या बाजूला उभा राहिलो. पाच मिनिटं झाली, दहा झाली. बस भरपूर येत होत्या, पण सगळ्या उलट्या दिशेने. वीस मिनिटांनी पाठीवर सॅक लावलेली एक मुलगी थांबली आणि म्हणाली, “काका, हा वन वे आहे. औंधची बस फर्ग्युसन रोडने जाते.” याच रस्त्यावर मी पंचवीस वर्षं गाडी चालवत होतो. त्या वन वेचा दंडसुद्धा एकदा भरलेला. पण हातात स्टिअरिंग नसलं की ते ज्ञान कुठे जातं कोण जाणे. तिथून गुडलक चौकात गेलो, फर्ग्युसन रस्त्याचा स्टॉप गाठला आणि सात-आठ मिनिटांत बस मिळाली.

तर पुण्याच्या मध्यभागी जाण्यायेण्याचे रस्ते वेगळे असतात हे मनाशी धरून चाला. जंगली महाराज रस्त्याने डेक्कनकडे, फर्ग्युसन रस्त्याने परत. लक्ष्मी रस्त्याची वाहतूक अलका चौकाकडे येते, त्यामुळे तिकडून शहरात शिरणारी बस दुसऱ्या रस्त्याने जाणार हे उघड आहे. जिथे उतरलात तिथल्याच एखाद्या दुकानदाराला विचारून ठेवा. पुणेकर दुकानदार एरवी कसाही बोलो, पत्ता चोख सांगतो.

नंबर आणि पाटी वाचायला शिका

मार्गाला नंबर असतो आणि पाटीवर शेवटचा थांबा असतो. पाटीवर ‘मनपा’ असेल तर ती पुणे महापालिकेच्या इमारतीजवळच्या स्थानकाला जाते. ‘गाडीतळ’ म्हणजे हडपसरचं. पिंपरी-चिंचवडच्या बाजूला ‘निगडी’, ‘भक्ती-शक्ती’ या पाट्या सारख्या दिसतील. कात्रज ते कोथरूड डेपो 103 किंवा मनपा ते हिंजवडी 100 असे काही नंबर लोकांना पाठ असतात. तुमचा नंबर तुम्हाला आठवड्यात पाठ होईल.

पण एकाच नंबरसाठी अडून बसू नका. गाडीवाल्यांच्या डोक्यात हे लवकर शिरत नाही. आपल्याला वाटतं की आपल्या घरापासून आपल्या कामाच्या दारापर्यंत जाणारी एक विशिष्ट बस असणार, आणि तिच्यासाठी आपण पाऊण तास उभे राहतो. प्रत्यक्षात मोठ्या रस्त्यांवरून अनेक मार्ग एकत्र जातात. सातारा रस्त्यावर कात्रजहून स्वारगेटला यायचं असेल तर समोर येईल ती चालते. कर्वे रस्त्यावर डेक्कनपर्यंत तेच. औंधहून मला शिवाजीनगरपर्यंत नेणाऱ्या बस पाच-सहा प्रकारच्या आहेत. थेट डेक्कनची आली तर उत्तम, नाहीतर शिवाजीनगरला उतरायचं आणि तिथून पुढची धरायची, किंवा पाय मोकळे करत चालायचं. हे कळलं त्या दिवशी माझं थांबणं निम्म्यावर आलं.

मोबाइलवर ‘आपली पीएमपीएमएल’ हे अ‍ॅप घ्या. बस आत्ता कुठे आहे ते त्यात दिसतं, तिकीट आणि पासही काढता येतो. मात्र नकाशावरच्या त्या ठिपक्यावर डोळे लावून घरातून शेवटच्या क्षणी निघायची हौस पहिल्या महिन्यात करू नका. विद्यापीठ चौकात अडकलेला ठिपका अचानक सुटतो आणि तुम्ही अजून लिफ्टमध्ये असता.

बीआरटीच्या, म्हणजे बससाठी वेगळी लेन राखलेल्या, रस्त्यावर स्टॉप कडेला नसतो, रस्त्याच्या मधोमध असतो. देशातला बीआरटीचा पहिला प्रयोग 2006 च्या अखेरीला पुण्यातच, कात्रज–स्वारगेट–हडपसर मार्गावर झाला. त्याचं पुढे काय काय झालं हा वेगळ्या भांडणाचा विषय आहे. तुमच्या कामाचं एवढंच की अशा ठिकाणी फलाट बसच्या पायरीएवढा उंच असतो आणि दार बसच्या उजव्या बाजूचं उघडतं. उतरायच्या वेळी सवयीने डाव्या दाराशी जाऊन उभे राहाल तर पुढच्या स्टॉपवर उतराल.

पैशाचा हिशेब

1 जून 2025 पासूनच्या दराने 5 किलोमीटरपर्यंत 10 रुपये, 10 किलोमीटरपर्यंत 20, 15 किलोमीटरपर्यंत 30, असं पुढे चढत जातं. दिवसभराचा पास दोन्ही महापालिकांच्या हद्दीत 70 रुपयांना आहे.

माझी फेरी एका बाजूने आठेक किलोमीटरची. बसला जाऊन-येऊन 40 रुपये. गाडी शहरात लिटरला 12 किलोमीटर देते असं धरलं (आणि गर्दीच्या वेळी ती तेवढं देतच नाही), तर 16 किलोमीटरला सव्वा लिटरच्या वर पेट्रोल लागतं. लिटरचा भाव शंभराच्या पुढे आहे, म्हणजे 130 ते 140 रुपये. पार्किंग वेगळं. टायर, सर्व्हिसिंग, विमा मी धरतच नाही, कारण गाडी ठेवायचीच म्हटल्यावर त्यातला बराच खर्च तसाही होणार.

पासच्या बाबतीत नवशिके घाई करतात. उत्साहात महिन्याचा पास काढतात आणि मग तो पाकिटात पडून राहतो. महापालिका हद्दीचा मासिक पास 1500 रुपयांचा आहे. 12 किलोमीटरचं अंतर असेल तर रोजचे 60 रुपये, आणि 25 दिवसांचे बरोबर 1500. म्हणजे महिन्यातले पंचवीसच्या पंचवीस दिवस बसने गेलात तर कुठे बरोबरी. माझ्यासारखं आठ किलोमीटर असेल तर 25 दिवसांचे हजारच होतात, पास तोट्याचा. अंतर लांब असेल किंवा रोज बस बदलावी लागत असेल, तर मात्र पासचा फायदा पटकन दिसतो. दिवसाच्या पासचंही तसंच: जाऊन-येऊन 60 होत असतील तर तिसरी फेरी असेल तरच 70 चा घ्या. एखाद्या दिवशी चार ठिकाणी कामं असली की तो फार सुखाचा, कुठेही चढा, कुठेही उतरा.

पहिले दोन महिने सुटं तिकीटच काढा. कंडक्टरकडे यूपीआयनेही पैसे देता येतात. तरीही दहा-वीसच्या चार नोटा खिशात ठेवा. नेटवर्क गेलेल्या फोनकडे बघत उभं राहायचं आणि मागे सात माणसं खोळंबलेली, हा प्रसंग टाळलेला बरा. पाचशेची नोट काढू नका. कंडक्टर ज्या नजरेने बघतो ती नजर तुम्हाला दिवसभर पुरते.

उतरायचं ठिकाण चढायच्या आधी ठरवून ठेवा. “एक डेक्कन” एवढंच म्हणायचं असतं. “मला ना, त्या गरवारे पुलाच्या अलीकडे, तिथे एक मेडिकल आहे बघा…” असं सुरू केलंत की कंडक्टर पुढच्या माणसाकडे वळतो.

चढणं, बसणं, उतरणं

हात दाखवा. स्टॉपवर नुसतं उभं राहिलं की बस थांबेलच असं नाही. ड्रायव्हरला कळायला हवं की तुम्हाला हीच बस हवी आहे. मागच्या दाराने चढायचं, पुढच्या दाराने उतरायचं अशी शिस्त आहे. ती पाळली तर आत धक्काबुक्की कमी होते. डाव्या बाजूची आसनं महिलांसाठी राखीव असतात. रिकामी दिसली म्हणून पटकन बसलात तर पुढच्या स्टॉपवर उठावं लागेल, आणि उठताना सगळी बस बघेल. पुढच्या काही आसनांवर ज्येष्ठ नागरिक, अपंग असं लिहिलेलं असतं, तेही वाचा.

उभं राहावं लागलं तर दारात थांबू नका. “पुढे सरका, पुढे मोकळं आहे” हे वाक्य कंडक्टर दिवसातून काही शे वेळा म्हणत असेल, आणि बहुतेक वेळा ते खरं असतं. मधल्या भागात जा, वरचा दांडा धरा, पाय थोडे फाकवून उभे राहा. सॅक पाठीवरून काढून पुढे छातीवर घ्या. त्याने पाकीट सांभाळलं जातं आणि मागच्याच्या नाकावर तुमचा लॅपटॉप आपटत नाही.

पहिल्या काही फेऱ्यांत एक गंमत होईल. पुढची रिक्षा अचानक वळली की तुमचा उजवा पाय जमिनीवर दाबला जाईल. ब्रेक शोधत असतो तो. माझा पाय साधारण महिनाभर असा शोधत होता. एकदा शेजारी बसलेल्या गृहस्थांकडे लक्ष गेलं तर त्यांचाही पाय दाबलेला. आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि काहीच न बोलता बाहेर बघायला लागलो. पुढे तो पाय आपोआप शांत होतो. त्याच सुमारास तुम्ही पहिल्यांदा गणेशखिंड रस्त्यावरची झाडं बघता. गाडी चालवताना मला फक्त समोरच्याची ब्रेकलाइट दिसायची.

घंटीची भाषा समजून घ्या. कंडक्टरने एकदा वाजवली की थांबायचं, दोनदा वाजवली की निघायचं. आपल्याला उतरायचं असेल तर एक स्टॉप आधीच उठा आणि पुढच्या दाराकडे सरका. गर्दीत “उतरायचंय का तुम्हाला?” असं पुढच्याला विचारायचं असतं. तो ‘नाही’ म्हणाला की आपोआप बाजू देतो. हा प्रश्न म्हणजे पुण्याच्या बसमधला हॉर्न आहे, आणि रस्त्यावरच्या हॉर्नपेक्षा तो जास्त चालतो. उतरल्यावर बसच्या पुढून रस्ता ओलांडू नका. बस जाऊ द्या, मग बघून ओलांडा. गाडी चालवताना बसच्या आडून अचानक येणाऱ्या माणसाला आपण काय काय बोलतो ते आठवा.

वेळ मोजताना लबाडी करू नका

“गाडीने पंचवीस मिनिटं लागतात” असं आपण म्हणतो तेव्हा पार्किंगमधून बाहेर पडल्यापासून ते ऑफिसची इमारत दिसेपर्यंतचा वेळ सांगत असतो. एक दिवस घड्याळ लावून बघा: घराचं दार ओढून घेतल्यापासून खुर्चीत बसेपर्यंत. माझे डेक्कनला पंचवीस म्हणता म्हणता पंचेचाळीस निघाले, कारण जागा शोधत दोन फेऱ्या आणि लावल्या ठिकाणाहून चालत येणं. बसचे त्याच दिशेचे तासाच्या आतबाहेर होतात. म्हणजे वीसेक मिनिटांचा फरक आहे. नाही असं मी म्हणणार नाही.

पण तो फरक कसा जातो ते बघा. बसमध्ये जागा मिळाली तर मी प्रुफं वाचतो. उभा असलो तर काहीच करत नाही, आणि तेही चालतं. ज्यांना मिनिटामिनिटाला फोन घ्यावे लागतात त्यांनी मात्र बसमध्ये ते घेऊ नयेत. एक तर आवाजात काही ऐकू येत नाही, आणि आलंच तर तुमच्या टेंडरचा आकडा पन्नास लोकांना कळतो.

घरून पंधरा मिनिटं आधी निघा. फक्त पहिल्या चार-पाच फेऱ्यांना. मग तुमच्या स्टॉपची लय तुम्हाला कळेल: अमुक वेळेला दोन बस एकापाठोपाठ येतात आणि मग बराच वेळ काही नाही, दुसरी पहिल्यापेक्षा रिकामी असते, वगैरे. एकापाठोपाठ दोन आल्या तर मागची पकडा.

मेट्रोची जोड

पुण्यात मेट्रो मार्च 2022 मध्ये सुरू झाली. आता वनाज ते रामवाडी आणि पिंपरी-चिंचवड महापालिका ते स्वारगेट अशा दोन मार्गिका चालू आहेत आणि त्या शिवाजीनगरला जिल्हा न्यायालय स्थानकात एकमेकींना छेदतात. नवीन माणसाला मेट्रो लवकर जमते, कारण तिथे वाट बघताना मन शांत असतं. कोथरूड, नगर रस्ता किंवा चिंचवडची मंडळी बसने स्थानक गाठून पुढे मेट्रोने गेली तर गर्दीचा सगळ्यात वाईट पट्टा चुकतो. स्वारगेटला तर मेट्रो, पीएमपी आणि एसटी अगदी शेजारी-शेजारी आहेत. गावाला एसटीने जायचं असेल आणि सोबत एकच बॅग असेल, तर तिथे गाडीने सोडायला कुणाला बोलावू नका. सोडायला येणारा तुमच्यापेक्षा जास्त अडकतो.

बस धरू नये असे दिवस

आहेत असे दिवस, आणि ते आधी ठरवून ठेवले की अपराधी वाटत नाही. मुसळधार पाऊस आणि स्टॉपला शेड नाही. सोबत ऐंशी वर्षांची आई, गुडघे दुखणारे. ताप आलेलं मूल. रात्री साडेनऊनंतरचं परतणं, जेव्हा बस विरळ होतात. विसर्जनाच्या आणि पालखीच्या दिवशी मार्ग बदललेले असतात, तेव्हा आधी चौकशी करा किंवा चालत जा.

यात एक मधला मार्ग आहे तो लोक विसरतात. जाताना बस, येताना रिक्षा. औंध–डेक्कन रिक्षाने आलो तरी बसचे 20 धरून माझा खर्च पेट्रोल आणि पार्किंगपेक्षा थोडाच जास्त होतो, आणि गाडी लावायची कटकट वाचते. बसने गेलात म्हणजे बसनेच आलं पाहिजे असा काही नियम नाही. अडकून पडायची भीती गेली की माणूस बसकडे जरा मोकळेपणाने बघतो.

बायकांचा हिशेब वेगळा असतो हे मला बायकोने सांगितल्यावर कळलं. मी स्टॉपवर शेड आहे का ते बघत होतो, ती दिवा आहे का ते बघत होती. संध्याकाळी सातनंतर ती एक स्टॉप पुढचा धरते, कारण तिथे दुधाचं दुकान उघडं असतं. महिलांसाठीच्या ‘तेजस्विनी’ बस 2018 च्या महिला दिनी सुरू झाल्या. आपल्या मार्गावर त्यांच्या वेळा काय आहेत ते विचारून ठेवलेलं चांगलं.

दुसऱ्याला न्यायचं असेल तर

ऑफिसात भाषण देऊ नका. प्रदूषण, हवामान, बारा मीटरच्या एका बसच्या जागेत तीन गाड्या मावतात आणि त्यात माणसं तीनच असतात, हे सगळं खरं आहे आणि ते कुणीही ऐकून घेत नाही. मी दोन महिने ऐकवलं. एकही माणूस हलला नाही.

हलला तो एक सहकारी, ज्याच्या गाडीचं डेन्टिंगचं काम निघालं आणि चार दिवस गाडी गॅरेजला होती. त्याला मी म्हटलं, उद्या सव्वानऊला स्टॉपवर ये, मी असतोच. पहिल्या दिवशी त्याचं तिकीट मी काढलं. दुसऱ्या दिवशी त्याने माझं काढलं. गाडी परत आल्यावरही तो मंगळवारी येतो, कारण आता आमच्या गप्पा अर्ध्यावर राहिलेल्या असतात. गाडी गॅरेजला, लायसन्स संपलेलं, हात फ्रॅक्चर, नवीन नोकरी, नवीन घर: माणसाची घडी अशी विस्कटलेली असते तेव्हा विचारा. एरवी नाही.

साहेब असाल तर एक गोष्ट तुमच्या हातात आहे. बसने येणाऱ्याला यायच्या वेळेत अर्ध्या तासाची मोकळीक द्या. पार्किंगची जागा फुकट वाटता, मग एवढं द्यायला हरकत नसावी.

शेवटी गाडीचं. ती आता जास्त वेळ उभी राहणार, आणि उभ्या गाडीची बॅटरी उतरते. माझी उतरली. दिवाळीच्या आदल्या दिवशी, सगळं सामान आणि सासूबाई आत बसलेल्या असताना. आठवड्यातून एकदा गाडी काढा आणि वीस-पंचवीस मिनिटं सलग चालवून आणा. नुसती जागेवर सुरू करून बंद करू नका, त्याने बॅटरी भरत नाही. टायरमधली हवा महिन्याने एकदा बघा. रविवारी सकाळी सात वाजता पाषाण तलावापर्यंत जाऊन यायला बरं पडतं. त्या वेळी रस्त्यावर कुणी नसतं.